अडीच तास होते

तंजावरला गेलेली मराठी माणसं बृहदीश्वराचं देऊळ बघतात, सरस्वती महालातले मोडी कागद बघून गहिवरतात आणि मदुराईची गाडी पकडतात. आमचाही बेत तोच होता. पण भाचीने रात्री जेवताना वेगळंच काढलं. ती चेन्नईत नोकरीला आहे, कामापुरतं तमिळ बोलते. म्हणाली, "मावशी, परवा सव्वीस डिसेंबर. इथून नागपट्टिणम ऐंशी किलोमीटर आहे. इतकी वर्षं वर्गात त्सुनामी शिकवलीस, एकदा तो किनारा बघून तरी घे."

कोकणातल्या एका शाळेत मी तीस वर्षं भूगोल शिकवला. २००४ पर्यंत त्सुनामी म्हणजे माझ्या वर्गात एका गुणाचा प्रश्न होता. मूळ भाषा जपानी, अर्थ बंदरातली लाट, संपलं. नंतरच्या जानेवारीत मुलांनी मला जे विचारलं त्यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं मला पुस्तकं धुंडाळून द्यावी लागली. मी लगेच हो म्हटलं.

तंजावर सोडलं की कावेरीचा त्रिभुज प्रदेश सुरू होतो. तिरुवारूरपर्यंत दोन्ही बाजूंना भातच भात. जमीन इतकी सपाट की चार हात उंच बांधही डोळ्यांत भरतो. खिडकीतून बघताना ते फक्त सुंदर दिसत होतं. किनाऱ्यावर उभं राहिल्यावर त्या सपाटीचा अर्थ कळला. नागपट्टिणमजवळ नागूरला उतरलो, कारण तिथल्या दर्ग्याच्या पाच मिनारांपैकी सगळ्यात उंच मिनार, १३१ फुटांचा, तंजावरच्या भोसले घराण्यातल्या प्रतापसिंहराजांनी बांधून दिलेला आहे. एका मराठी राजाने दर्ग्याला दिलेला हा मिनार इथल्या सपाट मुलखात किती दुरून दिसतो! मान वर करून बघताना नकळत मनात आलं, की या पट्टीत चढून जाण्यासारखं उंच दुसरं आहे तरी काय?

सव्वीसला सकाळी साडेसातलाच अक्करैपेट्टैला पोहोचलो. नागपट्टिणमच्या बंदराला लागून असलेली ही कोळ्यांची वस्ती. एरवी या वेळी खाडीत ट्रॉलरांची येजा असते, पण दर वर्षी या दिवशी कोणी मासेमारीला जात नाही. सगळ्या होड्या बांधून ठेवलेल्या. पुळणीवर बायकांची रांग पाण्याकडे निघाली होती, हातात फुलांच्या परड्या आणि दूध. माझ्या पुढ्यात एक साठीची बाई होती. तिने दुधाची पिशवी दाताने फाडली, गुडघाभर पाण्यात जाऊन ओतली आणि मूठभर शेवंती सोडली. दूध क्षणात मिसळून गेलं. फुलं मात्र लाटेबरोबर परत आली आणि तिच्या पायांशीच थांबली. तिने वाकून ती एकेक करून वेचली, आणखी दोन पावलं आत गेली आणि या वेळी जोरात फेकली. पुन्हा आली. तिने पुन्हा वेचली. भाची तिच्याशी बोलायला पुढे होणार होती, मी तिचा हात धरला.

तमिळमध्ये समुद्राने गाव गिळण्याला 'कडल्कोळ' असा जुना शब्द आहे. इथून उत्तरेला पूम्पुहार हे चोळांचं बंदर असंच बुडाल्याची कथा 'मणिमेखलै' या महाकाव्यात येते. म्हणजे या किनाऱ्याच्या साहित्यात ती आठवण होती, पण घराघरांत राहिली नव्हती. आता इथलं लहान पोरही 'सुनामी' म्हणतं. पत्ता सांगताना 'सुनामी कॉलनी' म्हणतात, रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. एका आपत्तीचं नाव वस्तीच्या पत्त्यात कायमचं जाऊन बसलं आहे.

२००४ सालचा तो सव्वीस डिसेंबर रविवार होता. आपल्या घड्याळात सकाळचे ६ वाजून २९ मिनिटं झाली असताना इंडोनेशियातल्या सुमात्राच्या उत्तर टोकाजवळ समुद्रतळ हलला. तिथे भारतीय प्लेट शेजारच्या प्लेटखाली सरकत असते. सरकताना ती अडकते, शतकानुशतकं ताण साठत राहतो आणि एक दिवस सगळा एकदम सुटतो. त्या दिवशी सुमात्रापासून अंदमानपर्यंत सुमारे १,३०० किलोमीटरची भेग उकलत गेली. मुंबई ते दिल्ली रेल्वेमार्ग जवळपास एवढाच लांब आहे. भूकंपाची तीव्रता ९.१ होती. समुद्राचा तळ काही मीटर उचलला गेला आणि त्याच्यावरचं सगळं पाणी वर ढकललं गेलं.

मी वर्गात परातीचं उदाहरण द्यायचे. परातीत पाणी घेऊन फुंकर मारली तर वरवर तरंग उठतात, ती वाऱ्याची लाट. परातीच्या बुडाला खालून ठोसा दिला तर सगळंच पाणी हलतं, ती त्सुनामी. चार किलोमीटर खोल समुद्रात ती ताशी ७०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास जेट विमानाच्या वेगाने जाते. पण तिथे तिची उंची हातभरच. भूकंपानंतर दोन तासांनी जेसन-१ हा उपग्रह हिंदी महासागरावरून गेला तेव्हा त्याला लाटेची उंची सुमारे ६० सेंटिमीटर दिसली. त्या सकाळी खोल समुद्रात असलेल्या कोळ्यांना होडीखालून काय गेलं ते समजलंही नाही. ते मासे घेऊन परतले आणि गाव जागेवर नव्हतं.

किनारा जवळ आला, पाणी उथळ झालं, की लाटेचा पुढचा भाग मंदावतो आणि मागचं पाणी त्याच्यावर चढत येतं. नागपट्टिणमला ती चार-पाच मीटर उंच झाली. ती चित्रातल्यासारखी वळून फुटणारी लाट नव्हती. समुद्राची पातळीच वाढली आणि तशीच आत चालत आली. नेहमीची लाट काही सेकंदांत परत जाते. ही कित्येक मिनिटं येतच राहते आणि मग तेवढ्याच ताकदीने ओढत परत जाते. येताना ती होड्या, वासे, पत्रे, विजेचे खांब घेऊन येते. पट्टीच्या पोहणाऱ्यांचाही तिथे निभाव लागला नाही, त्याचं कारण हे सामान.

आणि आता जे मला सगळ्यात जास्त टोचतं ते. सुमात्राजवळ भूकंप झाला ६.२९ ला. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पाणी चढलं ते नऊच्या सुमारास. मध्ये अडीच तास होते. हवाईतल्या प्रशांत महासागराच्या इशारा केंद्राने भूकंपानंतर पंधरा मिनिटांत पहिलं पत्रक काढलं होतं, पण ते प्रशांत महासागरातल्या देशांसाठी. हिंदी महासागरासाठी तशी यंत्रणाच नव्हती. चेन्नईत सकाळी लोकांना हादरा जाणवला होता, भूकंपाच्या बातम्या टीव्हीवर सुरू झाल्या होत्या. निकोबार बेटांवर तोवर लाट आदळून गेली होती. अक्करैपेट्टैपासून आत चालत निघालेला माणूस अडीच तासांत दहा किलोमीटर गेला असता. एक-दोन किलोमीटरही पुरले असते! चौदा देशांत मिळून सव्वादोन लाखांहून अधिक माणसं गेली. भारतात मृत आणि बेपत्ता धरून सुमारे १६,०००. तमिळनाडूतल्या ८,००० च्या आसपास मृत्यूंपैकी सहा हजारांहून जास्त एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात झाले.

खाडीपलीकडे कीचनकुप्पम आहे. तिथे एका मासळी विकणाऱ्या अम्माशी भाची बोलत बसली. अम्मा म्हणाली, नऊ वाजता आम्ही बायका किनाऱ्यावरच असतो. रात्री गेलेल्या होड्या तेव्हा येतात, मासळीचा लिलाव होतो, पोरं सोबत असतात. पुरुष एक तर समुद्रात असतात किंवा मासळी देऊन पुढे गेलेले. तिने एवढंच सांगितलं आणि पुन्हा कालच्या बांगड्यांवर पाणी शिंपडायला लागली. आकडे तिच्या बोलण्याला दुजोरा देतात. उत्तरेकडच्या कडलूर जिल्ह्यात स्त्रिया पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त मेल्या. बायकांना पोहणं शिकवलेलं नव्हतं, साडी पायांत अडकत होती, मोकळे केस झुडपांत गुंतत होते, आणि कडेवर मूल होतं. पाण्याने स्त्री-पुरुष असा भेद केला नाही. तो आधीच केलेला होता.

दुपारी वेलांकण्णीला गेलो. नाताळच्या दुसऱ्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते, २००४ सालीही नव्हती. लाट आली तेव्हा चर्चमध्ये यात्रेकरूंची प्रार्थना चालू होती. चर्च किंचित उंचावर आहे. पाणी पायऱ्यांपर्यंत आलं आणि आतली माणसं वाचली. चर्चपासून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावरची दुकानं, तिथले विक्रेते, अंघोळीला उतरलेले यात्रेकरू असे शेकडो जण वाहून गेले. आज तो रस्ता पुन्हा गजबजलेला आहे. शंखशिंपल्यांच्या माळा, मेणबत्त्या, तळलेले मासे. पाण्यात मुलंच मुलं.

भाची म्हणाली, "मावशी, आत्ता आली तर?"

आम्ही दोघी खरंच तिथे उभं राहून बघायला लागलो, कुठे पळायचं. टेकडी नाही. तज्ज्ञ सांगतात, जमलं तर शंभर फूट उंच जा, नाहीतर तीन किलोमीटर आत. तीन किलोमीटर आत जायला वेळ नसेल तर भक्कम सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीचा तिसरा मजला किंवा त्याच्या वर. तशा लॉजच्या इमारती रस्त्यावर दिसत होत्या. सर्वात जवळची आम्ही हेरली, जिना बाहेरून आहे का तेही पाहिलं. गाडी काढायची नाही, कारण हा रस्ता दोन मिनिटांत तुंबेल, पायीच निघायचं. खाडीच्या किंवा नदीच्या काठाने पळायचं नाही, कारण पाणी तिथूनच सगळ्यात आत शिरतं. सामान घ्यायला मागे वळायचं नाही. आणि पहिली लाट ओसरली म्हणून खाली उतरायचं नाही. हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं. दुसरी किंवा तिसरी लाट पहिलीपेक्षा मोठी असू शकते, दोन लाटांमध्ये कधी अर्धा तास, कधी तासभर जातो. आपल्या माणसांना शोधायला, वाहून आलेलं सामान उचलायला खाली आलेले लोक पुढच्या लाटेत सापडतात. 'आता धोका नाही' हे सरकारी यंत्रणेने सांगेपर्यंत वरच थांबायचं.

समुद्र स्वतः काय सांगतो, तेही ओळखता यायला हवं. किनाऱ्यावर असताना वीसेक सेकंद किंवा जास्त जमीन हलत राहिली तर वाट बघू नये. ओहोटीची वेळ नसताना पाणी झपाट्याने मागे हटलं, नेहमी न दिसणारे खडक उघडे पडले, किंवा समुद्राकडून आगगाडीसारखा घरघराट आला, तर निघावं. महाबलीपुरमला मोठ्या लाटेआधी समुद्र मागे गेला तेव्हा तळाशी दगडांची रांग दिसली आणि लोक ती बघत राहिले. पण पाणी आधी हटेलच असं धरून चालू नये. २००४ मध्ये भेगेच्या पूर्वेला, थायलंडच्या बाजूला तळ खचला होता, म्हणून तिथे समुद्र आधी मागे गेला. पश्चिमेला, आपल्याकडे, तळ उचलला गेला होता. त्यामुळे भारताकडे निघालेल्या पाण्याचा आधी फुगवटाच आला. काहीच न हटता पाणी थेट चढू शकतं.

थायलंडचा विषय निघाला की मला टिली स्मिथ आठवते. दहा वर्षांची इंग्लिश मुलगी, फुकेतच्या माइखाओ किनाऱ्यावर आईवडिलांबरोबर. समुद्राचं पाणी विचित्र फेसाळताना तिने पाहिलं आणि दोनच आठवड्यांपूर्वी शाळेत भूगोलाच्या तासाला शिकलेलं तिला आठवलं. तिने हट्टाने सगळ्यांना किनाऱ्यावरून हलवलं. तो किनारा वाचला. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर तर शाळेचीही गरज पडली नाही. तिथे १९०७ मध्ये अशी लाट येऊन गेली होती आणि आज्या नातवंडांना सांगत आल्या होत्या, की जमीन हलली आणि समुद्र हटला की डोंगर गाठा. त्याला ते 'स्मोंग' म्हणतात. भूकंपाच्या केंद्राच्या इतक्या जवळ असूनही सुमारे पाऊण लाख वस्तीच्या त्या बेटावर फक्त सात माणसं दगावली. एक तास भूगोल, एक आजीची गोष्ट. मी तीस वर्षं जो विषय शिकवला त्याची ही किंमत मला निवृत्तीनंतर या किनाऱ्यावर नीट कळली.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेला वेदारण्यमच्या बाजूला नालुवेदपती या गावी गेलो. या गावकऱ्यांनी २००२ मध्ये विक्रम करायचा म्हणून चोवीस तासांत ऐंशी हजारांहून अधिक रोपं लावली, गिनीज बुकात नाव गेलं. त्यात सुरूची झाडं मोठ्या प्रमाणात होती. दोनच वर्षांनी लाट आली तेव्हा त्या कोवळ्या बनाने तिचा जोर मोडला आणि गावाचं नुकसान कमी झालं. पुढे २०१८ च्या नोव्हेंबरात 'गज' चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं आणि असंख्य झाडं झोपवून गेलं. परतीच्या वाटेवर पुन्हा भातशेती. लाटेनंतर या शेतांत मीठ साठलं होतं, विहिरी खारट झाल्या होत्या; जिप्सम टाकून, धैंचा पेरून तो नांगरून गाडत लोकांनी जमिनी पुन्हा पिकत्या केल्या.

मग उत्तरेकडे वळलो. तरंगमबाडीला १६२० सालचा डॅनिश किल्ला आहे आणि पाण्याच्या अगदी कडेला चौदाव्या शतकातलं मासिलामणिनाथ देऊळ, ज्याचा बराच भाग समुद्राने केव्हाच खाल्ला आहे. इथला आणखी एक मराठी धागा म्हणजे श्वार्ट्झ हा मिशनरी तरुणपणी या गावात होता. पुढे तोच तंजावरच्या सरफोजीराजांचा गुरू झाला. तासभर थांबलो आणि पुढे निघालो, कारण पिचावरमला वेळ द्यायचा होता.

चिदंबरमजवळचं पिचावरम म्हणजे खारफुटीचं जंगल. नावाड्याने होडी अरुंद पाटात घातली तेव्हा डोक्यावर फांद्यांचं छप्पर झालं. तिवरांची मुळं चिखलात अशी एकमेकांत गुंतलेली, की त्यातून हातही सरळ जाऊ नये. २००४ नंतर शास्त्रज्ञांनी या भागाचा अभ्यास केला. खारफुटीच्या मागे असलेली गावं उघड्या किनाऱ्यावरच्या गावांपेक्षा पुष्कळ कमी उद्ध्वस्त झाली होती. पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी आक्षेपही घेतला, की ती गावं समुद्रापासून दूर आणि उंचावर होती हेही कारण मोठं आहे. मला दोन्ही पटतं. झाडं लाटेला अडवतात असं कोणी सांगितलं तर त्यावर विसंबून घर पाण्यालगत बांधू नये; पण तिवरं तोडून तिथे भराव घालणं हा गुन्हाच मानावा.

शेवटचा मुक्काम पुदुच्चेरीच्या दक्षिणेला, नल्लवाडु. कोळ्यांचं साधं गाव. एम. एस. स्वामीनाथन यांच्या संस्थेने इथे एक माहिती केंद्र उघडलं होतं. त्याच्या कर्ण्यावरून रोज हवामान, लाटांची उंची, मासळीचे भाव सांगायचे. त्या रविवारी गावातला एक तरुण नोकरीनिमित्त सिंगापूरला होता. सुमात्रातली बातमी ऐकून त्याने घरी फोन केला, समुद्राकडे जाऊ नका, गाव खाली करा. घरच्यांनी आरडाओरडा केला, लोकांनी केंद्र उघडलं आणि त्याच कर्ण्यावरून घोषणा सुरू झाली. घरं पडली, होड्या मोडल्या, पण साडेतीन हजारांहून जास्त वस्तीच्या या गावातलं एकही माणूस गेलं नाही. एक फोन आणि एक कर्णा. किनाऱ्यालगतच्या प्रत्येक गावाच्या वाट्याला ते अडीच तास सारखेच आले होते. ते वापरता आले ते इथे.

आता यंत्रणा आहे. हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेत २००७ पासून त्सुनामी इशारा केंद्र चोवीस तास चालतं. भूकंप झाला की दहा मिनिटांच्या आत पहिलं पत्रक निघतं; समुद्रतळावरची दाबमापकं आणि किनाऱ्यावरची भरतीमापकं लाट खरंच निघाली का ते कळवतात. ११ एप्रिल २०१२ ला सुमात्राजवळ ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा या किनाऱ्यावरची माणसं घराबाहेर पडली. त्या वेळी तळ उचलला न जाता आडवा सरकला होता, म्हणून मोठी लाट आली नाही. पण शेवटचा निरोप किनाऱ्यावरच्या बाईपर्यंत पोहोचवणं हे काम हैदराबाद करू शकत नाही. ते गावाने करायचं.

आपल्याकडे हे कुठलं, असं म्हणू नका. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरान किनाऱ्याजवळ, म्हणजे आजच्या पाकिस्तानच्या समुद्रात, ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याच सकाळी मुंबईत सुमारे दोन मीटरची लाट आली. माणसं वाहून गेली. मकरानची ती भेग तिथेच आहे आणि अरबी समुद्र तोच आहे.

म्हणून एक विनंती. सुट्टीत मुलांना घेऊन समुद्रावर जाल, तेव्हा पाण्यात उतरण्याआधी पाच मिनिटं मागे वळून बघा. गणपतीपुळ्याला देवळामागेच डोंगर आहे, त्यावर चढणारी वाट मुलांना दाखवा. दिवेआगरसारख्या सपाट गावात तीन मजली पक्की इमारत कोणती, ते त्यांनाच शोधायला लावा. जमीन हलली किंवा समुद्र विचित्र वागला तर कोणाची परवानगी न मागता तिकडे पळायचं, एवढं त्यांना सांगून ठेवा, आणि मगच पाण्यात सोडा.